पाणी लहान होत नाही

लाकडी जहाजांच्या लहान प्रतिकृती बांधणं हा माझा बऱ्याच वर्षांचा छंद. खिडकीजवळचं टेबल, चिमटे, हातानं फिरवायचं बारीक ड्रिल, सँडपेपर चिकटवलेल्या पट्ट्या आणि मेणातून ओढून ठेवलेले दोरे, एवढ्या सामानात माझ्या संध्याकाळी जातात. गावाकडच्या आमच्या शेजाऱ्यांना मी लहानपणापासून काका म्हणते. त्यांना हा छंद पटत नाही, आणि त्यांच्या न पटण्याला वजन आहे. देवगडच्या बाजूला खाडीकाठी त्यांनी उभं आयुष्य होड्या, मचवे आणि पुढे मासेमारीचे ट्रॉलर बांधण्यात घालवलं. आता त्याच काठावर फायबरच्या होड्या निघतात आणि काकांचा वाकस घरातच असतो. पावसाळ्यात ते माझ्या टेबलाशी येऊन बसले आणि जे बोलणं झालं, ते इथे लिहिते आहे. त्यांची काही उत्तरं मला अजून खोडता आलेली नाहीत.

काका: हे तुकडे कापलेले येतात ना खोक्यातून? नंबर घातलेले. मग तू काय करतेस?

मी: सुरुवातीला तसेच आणले होते. स्पेनमध्ये, इटलीत असे संच तयार होतात. लेझरनं कापलेले पाट, फळ्या, पितळी तोफा, सगळं आत. शिकायला ते चांगले. टेबलावरचं हे जहाज मात्र खोक्यातलं नाही. ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये ब्रिटिश आरमाराच्या जुन्या आराखड्यांचा मोठा संग्रह आहे. हे जहाज ज्या नमुन्याचं आहे, त्याच्या तिथल्या आराखड्यांवरून पाट मी स्वतः कापले आहेत.

काका: म्हणजे आधी दुसऱ्यानं कापलेलं जोडत होतीस, आता दुसऱ्यानं काढलेलं कापतेस.

मी: हो. पण आराखड्यात सगळं नसतं, काका. तीन बाजूंनी काढलेल्या वक्ररेषा असतात. त्या रेषांवर फळी कशी बसेल, कुठे वळेल, कुठे अडेल, हे आराखडा सांगत नाही. ते फळी हातात घेतल्यावर कळतं.

काका: ते पाण्यात घातल्यावर कळतं. आमची होडी पाण्यात उतरेपर्यंत होडी नसते, नुसतं लाकूड असतं. कुठली फट राहिली, पुढची नाळ जड झाली का, कुठल्या अंगाला कलते, हे पाणी सांगतं. तुझं हे काचेच्या पेटीत बसणार. चूक दाखवणारं कोणी नसलं तर माणूस काहीही बांधेल.

मी: चूक दाखवणारं इथेही आहे. हे 1:64 मापाचं आहे. खऱ्या जहाजातला एक फूट इथे पाच मिलिमीटरहूनही थोडा कमी. साडेपाच फुटांचा खलाशी इथे इंचभर उंच, आणि दहा इंच रुंदीची फळी चार मिलिमीटरची. या मापात अर्धा मिलिमीटर चुकला, तर खऱ्या जहाजात सव्वा इंच चुकल्यासारखं. कण्यावर आडवे पाट उभे केले की त्यांच्या कडा घासून एका ओघात आणाव्या लागतात. एखादी कड उंच राहिली की फळी तिथे फुगते आणि पुढच्या पाटावर पोकळ बसते. पहिल्या फळीला ते जेमतेम जाणवतं. वर आणखी फळ्या चढल्या की लपवता येत नाही.

काका: फळ्या एका रुंदीच्या लावतेस की काय?

मी: नाही. पोटाशी घेर मोठा आणि नाळेपाशी लहान, त्यामुळे प्रत्येक फळी पुढे निमुळती करावी लागते. मागे उलटं होतं. तिथे जागा उरते, मग दोन फळ्यांमध्ये पाचरीसारखी तिसरी घालायची.

काका: आणि ओळ कशी बघतेस?

मी: पातळ लवचिक पट्टी टाचण्यांनी लावते आणि लांब जाऊन, मान कलती करून बघते. पट्टी कुठे मोडल्यासारखी दिसली तर टाचणी हलवायची.

काका: आम्हीही पट्टीच लावतो. आमची वीस हातांची, एवढाच फरक. पट्टी खोटं बोलत नाही. बरं, हे तुला येतं असं धरू.

काकांनी एवढं मान्य केलं याचा मला आनंद झाला. प्रतिकृतीकडे पाहणाऱ्यांचं लक्ष बहुतेकदा तोफांकडे, शिडांकडे, पितळी कंदिलांकडे जातं. ज्यानं कधी होडीला फळी चढवली आहे, तो माणूस पोटाची ओळ बघतो. जहाज चांगलं की वाईट ते तिथेच ठरतं.

काका: लोक म्हणतात, हिच्याकडे केवढा धीर! मला त्याचं काही वाटत नाही गो. धीर कसला? मागे कोणी लागलेलं नाही. आमच्याकडे 1 जूनला मासेमारी बंद होते, ती 31 जुलैपर्यंत. होड्या वर ओढलेल्या. नारळी पौर्णिमेला नारळ दर्यात सोडला की सगळ्यांना बाहेर पडायचं असतं. तेवढ्या दिवसांत, धो धो पावसात, ओल्या लाकडाशी झगडत सगळ्यांची दुरुस्ती. मालक डोक्याशी उभा, त्याच्या कर्जाचं व्याज चाललेलं. अशा वेळी बसवलेली फळी मनासारखी नाही म्हणून काढायची आणि पुन्हा बसवायची, तिथे धीर लागतो. तुला कोण विचारतंय कधी होणार म्हणून?

मी: कोणीच नाही. तुमचं काम अवघड होतं आणि माझं तसं नाही, यात वादच नाही. पण मी धीराची परीक्षा द्यायला इथे बसत नाही. वेग मला लाकूड ठरवून देतं. फळी भिजवायची, गरम लोखंडावर हळूहळू वळवायची, आणि पूर्ण सुकेपर्यंत थांबायचं. ओली चिकटवली तर सुकताना आकसते आणि फट पडते. शिवाय एकाच बाजूला भराभर लावता येत नाही, कणा त्या बाजूला ओढला जातो आणि सगळं पिळवटतं. म्हणून एक डावीकडे, मग एक उजवीकडे, की त्या संध्याकाळचं काम झालं. दिवसभर मी दुसऱ्यांच्या घाईत धावत असते. इथे घाई करायची सोयच नाही, आणि मला तेच हवं असतं.

काका: म्हणजे विसावा.

मी: विसाव्यात हात रिकामे असतात. इथे ते रिकामे नसतात. डोलकाठीच्या दोन्ही अंगांना ताणलेले जाड दोर असतात ना, त्यांना आडव्या दोऱ्या बांधून खलाशांना चढायची शिडी करतात. खऱ्या जहाजावर साधारण 13 इंचांवर एक पायरी. माझ्या मापात ती पाच मिलिमीटरवर येते. प्रत्येक पायरीला प्रत्येक उभ्या दोरावर एक गाठ, अशा तिन्ही डोलकाठ्या मिळून हजाराच्या वर गाठी. गाठ जरा जास्त ओढली की उभे दोर आत खेचले जातात आणि शिडी कमरेत बारीक होते. सैल राहिली तर पायरी लोंबते. किती ओढायचं ते कोणी लिहून देऊ शकत नाही. ते बोटांना समजेपर्यंत करत राहावं लागतं, आणि एकदा समजलं की त्यानंतरची संध्याकाळ फार सुखाची जाते.

काका: जाळं विणणाऱ्या बायामाणसांना हे रोजचंच.

मी: त्यांची बोटं मला मिळाली तर आणखी काय हवं?

इथे मी काकांना नॉर्मन क्रॉसची गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळ 1797 मध्ये युद्धकैद्यांसाठी एक मोठी छावणी उभी राहिली आणि 1814 पर्यंत ती चालली. फ्रान्सशी लढाया चालू होत्या. कैद्यांत बरेच फ्रेंच, त्यांतही कितीतरी खलाशी. शिध्यातल्या मांसाची हाडं उरायची. ती उकळून, साफ करून, तासून या लोकांनी जहाजं केली. हाताएवढ्या, कधी त्याहून मोठ्या जहाजांच्या अंगाला हाडाच्या बारीक पट्ट्या लावलेल्या, पुढे कोरलेलं शीर्षशिल्प, वर दोरखंडांचं सगळं जाळं. काहींत आतून दोऱ्या घेतलेल्या असत. बाहेरून दोरी ओढली की तोफा आत-बाहेर होत. समोर आराखडा नव्हता. आठवणीतून केल्यामुळे पुष्कळ जहाजांच्या डोलकाठ्या अंगाच्या मानानं उंच आहेत. ही जहाजं छावणीच्या दाराशी भरणाऱ्या बाजारात विकली जात. आज पीटरबरोच्या संग्रहालयात कैद्यांच्या कामाचा मोठा साठा आहे.

काका: विकायची ना? मग ती माणसं माझ्या बाजूची. पोटासाठी केलं त्यांनी.

मी: पोटासाठी केलं हे खरं. पण पोटासाठी हाडाच्या डब्या, सोंगट्याही करत होते आणि त्याही विकल्या जात. आतून ओढायच्या तोफा कुठल्या गिऱ्हाइकानं मागितल्या असतील? ज्या जहाजावर काम केलं, ते पुन्हा दिसणार नाही हे माहीत असलेल्या माणसानं ते केलं असणार, असं मला वाटतं.

काका: असेल. डोलकाठ्या उंच का झाल्या म्हणतेस?

मी: आठवणीतून केल्या म्हणून.

काका: खालून बघितल्या होत्या म्हणून. डेकवर उभा राहून माणूस वर बघतो, त्याला काठी संपतच नाही असं वाटतं.

हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. खरं असेलच असं नाही, पण तेव्हापासून त्या जहाजांची चित्रं मी वेगळ्या नजरेनं बघते.

मग बोलणं टेबलावरच्या जहाजाकडे वळलं. त्याचं नाव ‘त्रिंकोमाली’. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेलं हे युद्धजहाज 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरलं. वाडियांचे पूर्वज लवजी नसरवानजी 1736 मध्ये सुरतेहून मुंबईत आले, तेव्हापासून या घराण्याच्या हातून मुंबईत जहाजं घडत होती. ‘त्रिंकोमाली’चं अंग मलबारच्या सागाचं आहे. तिचा आकार मूळचा फ्रेंच. 1782 मध्ये इंग्रजांनी ‘एबे’ नावाचं फ्रेंच जहाज पकडलं आणि त्याच्या रेषांवरून आपल्या फ्रिगेटांचा एक अख्खा वर्ग बांधला. त्यातली ही एक. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, आणि ती अजून तरंगते. मधल्या काळात तिचं नाव बदललं, तरुणांच्या कितीतरी पिढ्या तिच्यावर समुद्राचं शिक्षण घेऊन गेल्या, मग डागडुजी होऊन जुनं नाव परत मिळालं. ज्या ब्रिटिश युद्धजहाजांना अजून पाणी लागलेलं आहे, त्यांत सर्वांत जुनं हेच.

मी: या जहाजाचे आराखडे इंग्लंडहून मुंबईला निघाले, ते ‘जावा’ नावाच्या जहाजावर होते. डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नं ‘जावा’ला गाठलं आणि ती तिथेच संपली. आराखडे गेले, तांब्याचं सामानही गेलं. दुसऱ्या प्रती पाठवाव्या लागल्या. कण्याचं काम सुरू व्हायला 1816 उजाडलं.

काका: बघ. कागद बुडाला म्हणून गोदी अडून बसली. आमच्याकडे कागद नव्हता, आमचं काही अडत नव्हतं. बेपूरला जा, मांडवीला जा, एवढाली गलबतं डोक्यातल्या मापावर उभी राहतात.

मी: डोक्यातलं बुडत नाही, पण ते दुसऱ्याला कसं द्यायचं? तुमचं माप कोणाला आलं आहे आज?

काका काही वेळ बोलले नाहीत. त्यांची दोन्ही मुलं शहरात आहेत, हे मला माहीत होतं. पण विचारल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

काका: कोणाला नाही. आणि ते तुझ्या या टेबलामुळे परत येणार नाही. मी खरं बोलू? ज्यांना लाकडी जहाजाचं एवढं वाटतं, त्यांनी खाडीवर येऊन एक होडी बांधायला सांगावी. पैसे द्यावेत, दोन पोरांना हाताखाली घालावं. चार होड्या बांधल्या तर पोरं तयार होतील. शंभर जहाजं काचेत ठेवलीस तरी एक सुतार तयार होणार नाही.

मी: हे मला मान्य आहे, काका.

काका: मग?

मी: मग एवढंच की, मी काचेत ठेवते म्हणून मला तुमच्याशी हे बोलायचं सुचलं. ज्यानं कधी एक फळीसुद्धा वळवलेली नाही, त्याला तुमच्याकडे काय विचारायचं तेच कळणार नाही. तो येऊन फोटो काढून जाईल.

त्यांना हे पटलं की नाही, कळलं नाही. त्यांनी जहाज उचलून उजेडात धरलं, नखानं फळी खरवडली.

काका: हा साग नाही.

मी: नाही. फळ्या हेदाच्या आहेत.

काका: सागाचं जहाज आणि तू हेदात बांधतेस? मग खरं काय राहिलं त्यात? मलबारचा साग होता म्हणून ते अजून तरंगतंय. त्याच्या जागी दुसरं लाकूड असतं तर केव्हाच भुगा झाला असता.

मी: सागाचे रेषे जाड. तुमच्या मचव्यावर ते शोभतात. चार मिलिमीटरच्या फळीवर सागाची छिद्रं चरांसारखी दिसतात, बारीक कड धरायला गेलं की ती तुटते. लाकूड लहान कापता येतं, पण त्याची वीण लहान करता येत नाही. म्हणून परदेशातले लोक बॉक्सवुड, पेअर अशी घट्ट विणीची लाकडं घेतात. आपल्याकडे हेद त्याला जवळचा. पिवळा, गुळगुळीत, कड धरणारा. लांबून पाहिलं तर हेदच जास्त सागासारखा दिसतो.

काका: दिसतो.

मी: दोरांचंही तसंच. खरा दोर आपल्या वजनानं झोळ खातो. माझा दोरा एवढा हलका की तो नुसता ताठ उभा राहतो. पातळ गोंद लावून, बोटानं वाकवून त्याला झोळ द्यावा लागतो. लहान करताना काय बदलावं लागतं, हे शोधत राहणं हाच या कामातला सगळ्यात मोठा भाग आहे. नुसतं सगळं 64 नं भागून चालत नाही.

काका: आणि पाणी? पाणी लहान होत नाही. लाट तेवढीच राहते, थेंब तेवढाच राहतो. तुझं हे जहाज आपल्या टाकीत सोडलंस तरी ते खऱ्यासारखं वागणार नाही.

मी: बरोबर. त्याचं गणित लोकांनी बसवलं आहे. लहान जहाज कोणत्या वेगानं ओढलं म्हणजे त्याच्या लाटा मोठ्या जहाजाच्या लाटांसारख्या उठतील, ते काढता येतं. वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी करायचा. गोव्यात नौदलासाठी शिवणीचं जहाज बांधलं ना, ‘कौंडिण्य’? अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून. फळ्या काथ्याच्या दोरानं शिवलेल्या. मे 2025 मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. त्याचा आराखडा कुठेच नव्हता, होतं ते फक्त चित्र. मोठं बांधण्याआधी त्याची प्रतिकृती करून आयआयटी मद्रासमध्ये पाण्यात तपासली.

काका: ते जहाज शिवलं कोणी?

मी: केरळच्या कारागिरांनी. तिथे शिवून होड्या बांधायची कला अजून हातात आहे.

काका: म्हणजे प्रतिकृती पाण्यात गेली, आणि सुतारही होते. दोन्ही होतं. तुझ्याकडे यातलं एकही नाही.

हे त्यांचं बोलणं मी मनावर घेतलं, कारण त्यामागे मला बरेच दिवस छळणारी एक गोष्ट होती. ‘त्रिंकोमाली’ बांधणं तसं सोपं. आराखडा आहे, जहाज उभं आहे, अडलं तर फोटो आहेत. आपल्या मराठा आरमाराची जहाजं बांधायला घेतली की हातात काहीच राहत नाही. तुळाजी आंग्र्यांचं आरमार फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गच्या बंदरात जळून गेलं. वाघोटणच्या खाडीत खडक कोरून केलेली गोदी आजही बघता येते, पण तिच्यात उभ्या राहिलेल्या गुराबांचे, म्हणजे त्या आरमाराच्या मोठ्या युद्धनौकांचे, बांधणाऱ्यांनी काढलेले आराखडे समोर नाहीत. बाजारात गुराब म्हणून जी शोभेची जहाजं मिळतात, त्यांतली पुष्कळशी युरोपी जहाजालाच भगवा झेंडा लावून केलेली असतात. ती पाहिली की मला वाईट वाटतं. ज्या जहाजांच्या बळावर कान्होजी आंग्र्यांनी कोकणचा समुद्र राखला, त्यांचं रूप तरी आपण नीट शोधावं.

गुराबाचं बरंच तपशिलातलं वर्णन सापडतं ते अठराव्या शतकात इंग्रजांच्या बाजूनं इतिहास लिहिणाऱ्या रॉबर्ट ऑर्म यांच्याकडे. ते मी काकांना मराठीत सांगितलं.

मी: त्यांचं म्हणणं असं. गुराबाला बहुतेक दोन डोलकाठ्या, काहींना तीन. दोन काठ्यांचं दीडशे टनांपर्यंत, तीन काठ्यांचं तीनशेच्या आसपास. पाण्यात कमी बसणारं. लांबीच्या मानानं फार रुंद, मधून टोकांकडे निमुळतं होत जाणारं. पुढे नेहमीसारखी नाळ नाही, भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी पुढे आलेली चोच. त्या चोचीवर डेक आहे, पण तिला कठडा नाही. समोरच्या लाटेत गुराब जोरानं आपटायचं, आणि चोचीवर चढलेलं पाणी दोन्ही बाजूंनी लगेच उतरून जावं म्हणून ती उघडी. चोचीमागे आडवी भिंत, आणि भिंतीतल्या भोकांतून पुढे तोंड केलेल्या दोन तोफा. नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या.

काका: तोफा पुढे? चोचीच्या मागे लगेच?

मी: हो.

काका: आणि पुढे निमुळतं म्हणतो?

मी: मधून दोन्ही टोकांकडे निमुळतं, असं म्हणतात.

काका: मग ते बुडालं असतं. एवढं लोखंड पुढे ठेवलं आणि खाली पोट नाही, तर नाळ पाण्यात बसणार आणि मागचा भाग वर उठणार. सुकाणू पाण्याबाहेर. आम्ही ट्रॉलरवर पुढे जाळ्याचं यंत्र बसवायला लागलो तेव्हा हेच झालं होतं. खाली फुगवावं लागलं.

मी: ऑर्म खालचं काही सांगत नाहीत.

काका: कसं सांगतील? समोरून येताना बघितलं असणार, नाहीतर बंदरात नांगरलेलं. पाण्यावरचं जेवढं दिसलं तेवढं लिहिलं. वर निमुळतं असेल. वरून अरुंद आणि पाण्याखाली भरलेलं, असं करता येतं. आणि चोच आपटत होती म्हणतेस ना? नुसती धारदार नाळ लाट कापत जाते. आपटायला खाली रुंदी लागते. त्यानं स्वतःच सांगितलंय की, फक्त त्याला कळलं नाही.

गुराबाचे पाट मी पुठ्ठ्यात कापून ठेवले होते, 1:48 मापाचे. ते टेबलावर ओळीनं मांडले. काकांनी पुढून तिसरा, चौथा आणि पाचवा उचलला, खालच्या कडेवर अंगठा फिरवला, आणि एकेक खाली टेकवून बाहेरच्या बाजूला किती वाढवायचं ते बोटांनी दाखवलं. मी पेन्सिलीनं खुणा केल्या. तिसऱ्या पाटावर आमचं जमलं नाही. तिथे एवढं फुगवलं तर वरची चोच बाहेर येताना फळी इतकी पिळावी लागते की ती मोडेल, असं मला वाटतं. काकांचं म्हणणं, मोडणार नाही, त्या जागी फळी वळवायचीच नाही. मुळातच वाकडं वाढलेलं झाड शोधून त्यातून ती काढायची. वाकांसाठी, म्हणजे होडीच्या आतल्या वाकड्या बरगड्यांसाठी, ते तसंच करत आले आहेत. बाकाची फांदी दिसली की ती आधीच मनात कापून ठेवायची.

मी: 1:48 मध्ये वाकडी फांदी कुठून आणू?

काका: काडी आण. करवंदीची बघ. रानात सगळं मापाचं मिळतं.

मी: आणि बरोबर आहे की नाही हे कळणार कसं?

काका: पाण्यात घालून.

मी: पाणी लहान होत नाही, असं तुम्हीच म्हणालात.

काका: लाटेचं म्हणालो. नुसतं स्थिर तरंगताना कुठे किती बसतं, त्याला लाट कशाला हवी? वजन तेवढ्या मापात कमी केलं की झालं.

मी: वजन मापाच्या घनानं कमी होतं. नऊ पौंडी तोफ साधारण सव्वा टन धरली, तर 1:48 ला ती अकरा-बारा ग्रॅमची होईल. दोन तोफांचे तेवीसेक. जहाजाचं बाकी वजन, माणसं, दगडाची भर, सगळं तसंच काढावं लागेल.

काका: जाळ्याचं शिसं आहे माझ्याकडे. कापून देतो. तू तराजू आण, सोनाराचा.

मी: तरंगवायचं तर अंगाला पाणी लागू न देणारं काहीतरी लावावं लागेल. फटी भराव्या लागतील.

काका: कापूस आणि राळ. ते मी करतो. पण आधी तो पाचवा पाट बदल. मी दाखवलं त्याहून नखभर जास्तच ठेव, घासून कमी करता येईल.